दाणा, दया आणि शेजार : नागरी पारव्यांविषयीच्या तंट्यांची मीमांसा

प्रश्नाचे स्वरूप

पक्ष्यांना दाणे घालणे ही क्रिया भारतीय लोकजीवनात इतकी रुळलेली आहे की, तिच्यापासून तंटा उद्भवू शकेल ही कल्पनाच प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी काढून ठेवलेला घास, उन्हाळ्यात झाडाच्या फांदीस टांगलेले पाण्याचे मडके, सकाळी धाब्यावर टाकलेली मूठभर ज्वारी, या गोष्टी वऱ्हाडातील कोणत्याही गावी सहज आढळतात व त्यांविषयी कोणी तक्रार केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. तथापि हीच क्रिया दाट वस्तीच्या नगरात, एकावर एक रचलेल्या बिऱ्हाडांच्या मधोमध व पोत्यांच्या हिशेबाने होऊ लागली की तिचे सामाजिक स्वरूप पालटते. तेव्हा तो एका व्यक्तीच्या पुण्यकर्माचा विषय राहत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीचा, त्याच्या श्वासाचा आणि क्वचित न्यायालयाचा विषय होऊन बसतो.

हा तंटा केवळ भारतीय नव्हे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील नगरांत कुरव पक्षी घरांच्या छपरांवर घरटी करतात व रस्त्यावरील माणसांच्या हातातील खाद्यपदार्थ हिसकावून नेतात. त्यांना खाऊ घालणारे आणि त्यांचा बंदोबस्त मागणारे शेजारी यांच्यात तेथे वारंवार खटके उडतात. काही स्थानिक संस्थांनी कुरवांना खाऊ घालण्यास दंडाची तरतूदही केली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही कुरव येतात. मुंबईच्या गेटवेवरून घारापुरीस किंवा मांडव्यास जाणाऱ्या लाँचींभोवती हिवाळ्यात ते घिरट्या घालतात आणि उतारू त्यांना कौतुकाने खाऊ टाकतात. मात्र येथे शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण होत नाही. त्याचे कारण उघड आहे. हे पक्षी हिवाळ्याचे पाहुणे होत. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव तर मध्य आशियातील उंच पठारांवर वीण करतो. जो पक्षी खाऊ घेऊन निघून जातो त्याच्यामुळे तंटा होत नाही. जो खाऊ घेऊन शेजाऱ्याच्या सज्जात राहावयास जातो, त्याच्यामुळे होतो. महाराष्ट्रात असा पक्षी म्हणजे पारवा, म्हणजेच सर्वसामान्य व्यवहारातील कबूतर. म्हणून प्रस्तुत लेखात पारव्याविषयीच्या वादाचा विचार करावयाचा आहे.

या वादाची मांडणी बहुधा दया विरुद्ध आरोग्य, किंवा धर्म विरुद्ध कायदा, अशी केली जाते. ही मांडणी पूर्णतः चुकीची नसली तरी ती प्रश्नाच्या मुळाशी जात नाही. दाणे घालण्याचे समाधान ज्यास मिळते आणि त्याचा भार ज्यावर पडतो, ते दोघे भिन्न असतात. तंट्याचे बीज या विषमतेत आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मुंबईतील प्रकरण

दादर रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस, रहदारीच्या चौकात असलेला कबूतरखाना १९३३ मधील असून मुंबईच्या वारसा वास्तूंत त्याची गणना होते. दाणे घालण्यासाठी येणारे भाविक, शेजारीच बसणारे दाणेविक्रेते आणि शेकडो पारवे हे दृश्य तेथे पिढ्यान् पिढ्या परिचयाचे होते. ३ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेत मुंबईतील कबूतरखान्यांमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा प्रश्न उपस्थित झाला. त्यावर शासनाच्या वतीने मंत्री उदय सामंत यांनी शहरातील ५१ कबूतरखाने बंद करण्याविषयी महानगरपालिकेस सांगण्यात येईल, असे जाहीर केले. महानगरपालिकेने लगोलग कारवाईस प्रारंभ केला. या निर्णयाविरुद्ध प्राणिप्रेमी नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने जुलैच्या मध्यास दिलेल्या आदेशात वारसा वास्तू पाडण्यास मनाई केली, परंतु दाणे घालण्याची अंतरिम मुभा दिली नाही. ३० जुलै रोजी, बंदी असूनही दाणे घालणाऱ्यांविरुद्ध गुन्हे नोंदविण्याचे निर्देश देण्यात आले.

ऑगस्टच्या आरंभी महानगरपालिकेने दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्ट रोजी निदर्शकांच्या जमावाने, ज्यात जैन समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते, ती ताडपत्री फाडून काढली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने स्पष्ट केले की, कबूतरखाने बंद करण्याचा निर्णय आपला नसून महानगरपालिकेचा आहे, आणि तज्ज्ञांच्या समितीने या विषयाचा अभ्यास करावा. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. १३ ऑगस्ट रोजी उच्च न्यायालयात महानगरपालिकेने सकाळी ठराविक वेळी दाणे घालू देण्याची तयारी दर्शविली, तेव्हा नागरिकांच्या हरकती ऐकल्यावाचून असा निर्णय घेता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याच दिवशी मराठी एकीकरण समितीने बंदीच्या समर्थनार्थ दादर येथे आंदोलन केले. पुढे तज्ज्ञ समिती नेमली गेली. वर्षाच्या अखेरीकडे महानगरपालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड व बोरिवली या भागांतील चार जागी, सकाळी ७ ते ९ या वेळेत, तात्पुरती परवानगी दिली.

या घटनाक्रमात अभ्यासकाने विशेष ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. जुलैच्या आरंभी जो प्रश्न विष्ठा, धूळ आणि श्वसन यांचा होता, तो पाच-सहा आठवड्यांत समाजासमाजांचा आणि भाषेचा प्रश्न झाला. चौकाभोवतालच्या इमारतींत राहणारा रहिवासी आणि रोज मूठभर दाणे घेऊन येणारा वृद्ध भाविक हे मूळचे दोन पक्ष. वाद वाढत गेला तसे ते दोघेही मागे पडले व त्यांच्या नावाने इतर बोलू लागले. मूळच्या पक्षांत तडजोड शक्य असते, कारण त्यांना एकमेकांच्या शेजारी राहावयाचे असते. प्रतिनिधींना तशी निकड नसते.

याच नगरातील एक लहान प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. वरळी येथील एका सहनिवासात वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी धातूचा मोठा तबकवजा मंच बसविला. दाणे, पाणी व विष्ठा खालच्या बिऱ्हाडाच्या खिडकीवर पडू लागली. खालच्या रहिवाशांनी २०११ मध्ये दिवाणी दावा दाखल केला आणि २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने मनाई हुकूम झाला. येथे मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या, धर्माचा वा भाषेचा प्रश्नही नव्हता. केवळ वरचा मजला व खालचा मजला होता. वादाचे शुद्ध स्वरूप पाहावयाचे असेल तर ते दादरपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते. मात्र एका खिडकीचा निकाल लागावयास दहा वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

पारव्याची जीवनपद्धती

उपाययोजनेचा विचार करण्यापूर्वी ज्या पक्ष्याविषयी वाद आहे त्याची जीवनपद्धती समजून घेणे अगत्याचे आहे. पारवा हा मूळचा कडेकपारीतील पक्षी. झाडावर घरटे करण्याची त्याची प्रवृत्ती नाही. दगडी कड्यातील खाच, जुन्या विहिरीच्या बांधणीतील पोकळी, किल्ल्याच्या तटातील भोके ही त्याची स्वाभाविक निवासस्थाने होत. उंच इमारतीचा सज्जा, पाण्याच्या नळांची पोकळ जागा, वातानुकूलन यंत्राचा कट्टा हे त्याच्या दृष्टीने नवे कडेच आहेत. नगर वाढले म्हणजे पारव्याचे रान कमी झाले असे होत नाही, उलट त्याच्या कपारी वाढतात.

दुसरी गोष्ट त्याच्या विणीविषयीची. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते आणि सुमारे अठरा दिवसांत पिले बाहेर येतात. इतर अनेक धान्यभक्षी पक्ष्यांना पिलांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात, म्हणून त्यांची वीण ऋतूवर अवलंबून असते. पारव्याचे नर व मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत दुधासारखा पोषक स्राव निर्माण करतात आणि पहिल्या दिवसांत पिलांना तोच भरवितात. त्यामुळे धान्य मिळत असेल तर पारवा वर्षातील बहुतेक काळ वीण करू शकतो. अर्थात त्याच्या संख्येचे प्रमुख नियामक कारण ऋतू नव्हे, अन्न होय. अन्न शोधण्यास दिवस खर्ची पडला तर वीण कमी होते. एकाच चौकात अर्ध्या तासात पोट भरले तर उरलेला सर्व वेळ विणीसाठी मोकळा राहतो. म्हणून दाणे घालणारा मनुष्य केवळ भुकेल्या पक्ष्याचे पोट भरतो असे म्हणणे अपुरे आहे. तो नकळत पुढील वर्षाची संख्याही ठरवितो.

आरोग्यविषयक पुरावा

पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ हवेत मिसळून फुप्फुसांत जाते. या धुळीतील प्रथिनांविरुद्ध काही व्यक्तींच्या शरीरात अतितीव्र प्रतिक्रिया निर्माण होऊन फुप्फुसांस सूज येते. १९६५ मध्ये अमेरिकन वैद्यांनी कबूतरे पाळणाऱ्यांतील या विकाराचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. संपर्क वेळीच तुटला तर रोगी बरा होऊ शकतो. तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसे घट्ट होत जातात व ही हानी भरून येत नाही. याखेरीज पारव्यांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा रोग्यांत, मेंदूच्या आवरणांचा दाह उत्पन्न करू शकते.

हा धोका खरा आहे, परंतु त्याचे माप नीट घेतले पाहिजे. सर्वच माणसांस हा विकार होत नाही. अल्पकाळ चौकातून जाणाऱ्यापेक्षा ज्याच्या सज्जात रोज विष्ठा साचते त्यास अधिक भय असते. शिवाय या विकाराचे कारण केवळ पारवे नव्हेत. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फुप्फुसांच्या अंतरालीय विकारांचे १,०८४ रोगी नोंदले गेले. त्यांपैकी ४७.३ टक्के रोग्यांत या अतिसंवेदनशील प्रकाराचे निदान झाले, आणि अशा रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांचा संबंध पाण्यावर चालणाऱ्या कूलरशी आला होता. कूलरच्या ओल्या ताट्यांवर बुरशी वाढते हे त्याचे कारण संभवते. विदर्भातील वाचकास या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पारव्यास दोष देणाऱ्या गृहस्थाच्या खिडकीतील कूलर वर्षानुवर्षे धुतला गेलेला नसेल तर त्याची तक्रार अर्धवटच म्हणावी लागेल. मात्र म्हणून पारव्यांविषयीची तक्रार खोटी ठरत नाही. कूलर धुणे त्या गृहस्थाच्या हाती आहे, शेजाऱ्याने घातलेले दाणे थांबविणे त्याच्या हाती नाही.

पूर्वीचे दोन वाद

उपद्रवी मानलेले प्राणी आणि त्यांच्याविषयीची दया यांचा संघर्ष मुंबईस नवीन नाही. १८३२ च्या जून महिन्यात बेवारस कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध तेथे मोठा दंगा झाला. त्यात पारशी अग्रभागी होते, आणि जैन व हिंदू व्यापाऱ्यांचीही त्यांना सहानुभूती होती. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. या तोडग्याचे मर्म असे की, ज्यांना प्राण्यांची हत्या नको होती त्यांनी त्या प्राण्यांची जागा, देखभाल व खर्च स्वतःवर घेतला. त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारांवर स्वखुशीने पट्टीही बसवून घेतली. दयेने आपला भार आपणच उचलल्यामुळे ती संस्था टिकली.

दुसरा वाद १९२६ मधील. अहमदाबाद येथील एका गिरणीच्या आवारातील सुमारे साठ भटके कुत्रे मारले गेल्यावर या कृत्याविषयी महात्मा गांधींचे मत विचारण्यात आले. अहिंसेचे आचार्य त्याचा निषेध करतील अशी अनेकांची अपेक्षा होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'मध्ये लेखमाला लिहून निराळीच भूमिका मांडली. बेवारस कुत्र्यापुढे तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, ज्यास दया करावयाची आहे त्याने त्या प्राण्याची जबाबदारी घ्यावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यावर त्यांच्यावर कडक टीकाही झाली. कुत्रा आणि पारवा यांत भेद आहे व हत्येविषयीचे त्यांचे मत सर्वांस ग्राह्य होणार नाही. तथापि घास टाकणे आणि जबाबदारी घेणे यांत त्यांनी केलेला भेद प्रस्तुत प्रश्नास तंतोतंत लागू पडतो. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले पक्ष्यांचे रुग्णालय या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जीवदयेचे तत्त्व तेच, परंतु तेथे ते जखमी पक्ष्याच्या शुश्रूषेच्या रूपाने व्यक्त होते आणि त्याचा भार शेजाऱ्यावर पडत नाही.

बाझेलचा अनुभव

केवळ बंदी किंवा केवळ संहार यांनी काय साधते, याचे उत्तर स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराच्या अनुभवात मिळते. १९६१ ते १९८५ या काळात तेथे सुमारे एक लाख पारवे मारण्यात आले. तरीही नगरातील त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास स्थिर राहिली. अन्न तेवढेच असल्यामुळे मेलेल्यांची जागा नवी पिले घेत होती. १९८८ पासून हाग-वाकरनागेल या प्राणिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली निराळा मार्ग अनुसरण्यात आला. अति दाणे घातल्याने गर्दी, रोगराई व पिलांचे हाल वाढतात, अर्थात तो पक्ष्यांवरील उपकार नव्हे, हे नागरिकांस पत्रके व प्रदर्शने यांच्या द्वारे समजावून सांगण्यात आले. त्याचबरोबर देखरेखीखालील खुराडी बांधून तेथील अंडी काढून घेण्याची व्यवस्था झाली. सुमारे चार वर्षांत पारव्यांची संख्या निम्म्यावर आली.

या अनुभवातील बोधप्रद भाग असा की, तेथे दाणे घालणाऱ्याच्या दयेस आव्हान दिले गेले नाही. तिला पुरेशी माहिती पुरविण्यात आली. दाणे घालणाऱ्यास मूर्ख किंवा गुन्हेगार ठरविले की तो अधिकच हट्टास पेटतो. त्याच्याच हेतूच्या कसोटीवर त्याचे कृत्य तपासून दाखविले तर तो विचार करू लागतो. तसेच अन्न हळूहळू घटविल्यामुळे पक्ष्यांवर उपासमारीचा प्रसंग न येता प्रथम वीण घटली. दाणे एकाएकी बंद करण्यावर प्राणिप्रेमी जो आक्षेप घेतात त्याचाही यात विचार झालेला दिसतो.

लहान नगरांपुढील प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. येथील नगरांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाखाली नगरपरिषदा व नगरपंचायती पाहतात. मुंबईसारखे शासनमान्य कबूतरखाने व त्यांभोवतीचे दाणेविक्रेते हा येथील प्रश्न नव्हे. परंतु पारव्यास अनुकूल अशा दोन्ही गोष्टी येथे आहेत. खामगाव, मलकापूर यांसारख्या बाजारपेठांत धान्याची चढउतार होते. पोत्यातून सांडलेला दाणा हे मुद्दाम न घातलेले, पण तितकेच परिणामकारक अन्न होय. आणि जुने वाडे, दगडी विहिरी, देवळांची शिखरे व त्यांच्या जोडीस आता उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारती यांच्या रूपाने कपारीही आहेत. येथे शेजारी अद्याप एकमेकांस नावाने ओळखतात. ही लहान नगराची मोठी जमेची बाजू आहे. वाद मोर्च्यापर्यंत जाण्यापूर्वी तो अंगणातच मिटू शकतो, परंतु त्यासाठी त्याचे तत्त्व अगोदर निश्चित असले पाहिजे.

ते तत्त्व वरील विवेचनातून असे निष्पन्न होते. दाणे घालावे की न घालावे, हा प्रश्न प्रथम विचारण्यात अर्थ नाही. किती, कोठे आणि कोणाच्या खर्चाने, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. वस्तीपासून दूर, मोकळ्या जागी, अल्प प्रमाणात घातलेला दाणा कोणास बाधत नाही. अशा जागेची रोजची साफसफाई व तिचा खर्च दाणे घालणाऱ्यांनीच सामुदायिकपणे पत्करावा, यात अन्याय नाही. पांजरपोळीची परंपरा नेमके हेच सांगते. उलट, तक्रार करणाऱ्यानेही सज्जास जाळी लावणे, अंडी नसताना घरटे हलविणे व बाजाराच्या आवारातील सांडलवंड उचलली जाते की नाही हे पाहणे, एवढा भाग उचलला पाहिजे. संविधानातील प्राणिमात्राविषयी दया बाळगण्याचे मूलभूत कर्तव्य आणि जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला गेलेला आरोग्याचा हक्क यांचा विरोध वरकरणी दिसतो. कृतीचे प्रमाण व स्थान निश्चित केले की तो बव्हंशी मावळतो.

या विषयाचे क्षेत्रीय अध्ययन समाजशास्त्र, प्राणिशास्त्र व लोकप्रशासन या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांस करण्यासारखे आहे. एखाद्या नगरात पहाटे पारव्यांची गणना करणे, त्यांच्या अन्नात बाजारातील सांडलेल्या धान्याचा व हेतुपुरस्सर घातलेल्या दाण्याचा वाटा किती हे पाहणे, दाणे घालणारे कोण, कोणत्या वयाचे व कोणत्या प्रेरणेने घालतात हे त्यांच्याच तोंडून नोंदविणे, आणि ज्यांच्या घरांवर त्याचा भार पडतो त्यांचे म्हणणे तितक्याच आस्थेने टिपणे, ही कामे खर्चिक नाहीत. दादर येथे तज्ज्ञांचा विचार ताडपत्री फाटल्यानंतर सुरू झाला. तो त्यापूर्वी झाला असता तर रहिवाशास आपल्या खोकल्यासाठी आणि भाविकास आपल्या श्रद्धेसाठी रस्त्यावर उतरावे लागले नसते. लहान नगरांत अद्याप अवधी आहे. त्याचा उपयोग करून घेणे इष्ट होय.